पदर आणि पट्टा

बांधकामाच्या मिक्सरवर काम करणाऱ्या बाईनं साडीवरून शर्ट घालायचा असतो, हे आम्हाला कुणा इंजिनियरनं शिकवलेलं नाही. बायकांनी बायकांना शिकवलंय. नवऱ्याचा नाहीतर भावाचा जुना, पूर्ण बाह्यांचा शर्ट घ्यायचा. पदर कमरेला गच्च खोचायचा, वरून शर्ट चढवायचा, बटणं गळ्यापर्यंत लावायची. डोक्याला फडकं आवळायचं, त्यावर चुंबळ, चुंबळीवर घमेलं. अंगावर सुटं टोक म्हणून लोंबता कामा नये. नगरच्या सावेडीत जिथं इमारत चढत असेल तिथं जाऊन बघा, वाळू वाहणारी बाई अशीच दिसेल. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटतं, उन्हासाठी घालतात. ऊन असतंच हो, पण उन्हानं बाई काळी पडते, मरत नाही. शर्ट असतो तो मशिनच्या फिरत्या पट्ट्यासाठी.

तर या शर्टावरून आमची भावकी तुटली. लोक मला अजून विचारतात, एवढ्याशा कापडावरून? मी म्हणते, होय, एवढ्याशाच.

आम्ही पाथर्डीच्या बाजूचे. आधी ऊसतोडीला जायचो, नंतर गुडघे म्हणाले पुरे, म्हणून नगरात बांधकामावर लागलो. आमचे मालक गावी शेरडं सांभाळतात, मी आणि मुलगा इकडं. आमचा मुकादम माझा धाकटा दीरच. मी लग्न होऊन आले तेव्हा हा चड्डी सावरत माझ्यामागं भाकरीचा कोपरा मागत फिरायचा. आता कानाला फोन लावून फिरतो आणि सगळ्यांनी त्याच्या मागं फिरायचं असतं. त्यानं गँग जमवली ती सगळी गावचीच. सगळे म्हणायचे, परक्याच्या हाताखाली मरण्यापेक्षा आपल्या माणसाच्या हाताखाली बरं. मरायचंच कशाला, हे कुणी विचारत नव्हतं.

मुलाचं लग्न झालं आणि सून आमच्याबरोबर कामावर आली. उंच, हाडापेरानं मजबूत, हाताला चपळ. तिच्या माहेरीही हेच काम, त्यामुळं तिला शिकवायला काही नव्हतं. मिक्सरच्या तोंडाशी, म्हणजे ज्या मोठ्या सुपात वाळू-खडी ओतायची त्या हॉपरपाशी, ती उभी राहिली की घमेलं असं काही पालथं करायची की धुरळा उडायचा नाही. येताना पिशवीत भावाचा चौकड्याचा शर्ट घेऊनच आली होती. पहिल्या सकाळी तिनं तो चढवला, फडकं बांधलं आणि कामाला लागली. मला बरं वाटलं. म्हटलं, पोरगी शहाणी आहे.

दीर आला. तिच्याकडं बघितलं नाही, माझ्याकडं आला.

"वैनी, ही सून हाय का गडी हाय?"

"मिक्सरवर हाय. तिथं सून न्हाई न् गडी न्हाई."

"माझ्यासमूर उघड्या डोक्यानं?"

"फडकं बांधलंय की."

"फडकं हमालबी बांधतो. फडकं म्हंजे पदर न्हवं. समदी गावची मानसं हायती हितं. उद्या पारावर बसून म्हनतील, मुकादमाच्याच घरात मर्यादा न्हाई."

आता ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते. तो तिचा चुलत सासरा. त्याच्यासमोर तिनं डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही आणि त्याच्याशी थेट बोलायचंही नाही. गँगवरच्या बाकीच्या बायकांना तो दीर लागायचा, म्हणजे थट्टेचं नातं. त्या शर्ट घालोत नाहीतर कोट घालोत, त्याला काही नव्हतं. सासरा लागायचा तो फक्त हिला. ही हाताच्या अंतरावर उभी राहून मला म्हणायची, "आत्याबाई, मामंजींना सांगा, खडी संपली." मी म्हणायची, "खडी संपली म्हनती." त्याला पहिल्यांदाच ऐकू गेलेलं असायचं, पण उत्तर तो मलाच द्यायचा. मशिनच्या धडधडाटात दोघांच्या मधी मी टपालपेटी. बायका हसायच्या. एक म्हणाली, "मावशे, एक दिस तू सुट्टीवर गेलीस तर इमारतच उभी राहायची न्हाई."

हसण्यावारी चाललं तोवर चाललं. मग दिरानं रोजचंच लावलं. जेवायच्या सुट्टीत सगळ्यांसमोर म्हणायचा, "आमच्या घरात नवा फिटर आलाय." कधी हाक मारायचा, "ओ शर्टवाले पाव्हणं." ती खाली मान घालून भाकरी मोडायची. मी त्याला एकट्याला गाठून सांगितलं, की त्या पट्ट्यावरची जाळी तुम्ही काढून ठेवलीय, तिथनंच पोरीला रिकामं घमेलं घेऊन वळावं लागतं, पदर सुटा ठेवला तर काय होईल. जाळी का काढली, तर पट्टा सारखा उतरायचा आणि प्रत्येक वेळी नटबोल्ट खोलायचा त्यांना कंटाळा.

"पदर सांभाळता आला पायजे," तो म्हणाला. "आमच्या आयनं पदर डोईवर ठिवून विहीर खांदली."

"तुमच्या आयच्या विहिरीला पट्टा न्हवता, भावजी."

त्याला ते झोंबलं. आईचं नाव घेतलं की त्याला झोंबायचंच. त्या दिवसापासून मला ओल्या वाळूच्या ढिगावर पाठवलं. ओली वाळू काय जड असते ते वाहणाऱ्यालाच ठाऊक.

मुलगा वर सळई बांधायच्या कामावर होता. काकानं त्याला फिटरच्या हाताखाली घातलेलं, पुढं स्वतःच्या हाताखालचा मुकादम करतो म्हणून आशा दाखवलेली. त्याला ना बायकोला दुखवायचं होतं ना काकाला. खोलीवर आल्यावर त्यानं तोड काढली. म्हणाला, "शर्ट घाल की. फक्त पदर खोचू नको समदा. टोक मागनं कॉलरीतनं वर काढ, डोक्यावर घे, त्याच्यावर फडकं आन् चुंबळ. शर्टबी राहील, पदरबी राहील."

मी भाकरी थापत होते. म्हटलं, "दोन्ही राहील, पन बाई राहील का?"

"आई, तुझं तोंडच वाईट."

"माझं तोंड वाईट असूंदे. तुझ्या काकाला सांग, जाळी लाव म्हनावं. मग पदर घील, शालू नेसून यील म्हनावं."

सुनेनंच विषय मिटवला. म्हणाली, "राहू द्या आत्याबाई, घेते तसा. रोजची कटकट तरी जाईल." तिला घरात शांतता हवी होती. नवीन लग्न झालेल्या पोरीला दुसरं काय हवं असतं? दुसऱ्या दिवशी ती तशी कामावर गेली. दिरानं बघितलं आणि मान हलवली, जसा काही मोठा खटला जिंकला. टोमणे थांबले. मुलगा खूश. मी एकटीच त्या कॉलरीकडं बघत राहायची.

मधे एकदा इंजिनियर साहेब पिवळ्या टोप्या घेऊन आले. हेल्मेट. सगळ्यांना उभं केलं, टोप्या दिल्या, फोटो काढायचा म्हणाले. पुरुषांनी घातल्या. आम्ही विचारलं, साहेब, हिच्यावर घमेलं कसं ठेवायचं? ते म्हणाले, ठेवून बघा. एकीनं टोपीवर चुंबळ ठेवली, चुंबळीवर घमेलं, आणि पाऊल टाकायच्या आत घमेलं घसरून वाळू तिच्याच पाठीत. साहेब म्हणाले, फोटोपुरतं हातात धरा. फोटो झाला, टोप्या गोळा झाल्या, सामानाच्या खोलीत गेल्या. वाळू झाडत ती बाई म्हणाली, "टोपी घालायला आल्ते, घालून गेले." साहेबांना ऐकू गेलं असावं, कारण त्या दिवशी पुढं ते आमच्याशी बोललेच नाहीत. आमच्या गळ्याचा, पट्ट्याचा, जाळीचा विषय त्यांच्या फोटोत कुठं बसणार होता?

स्लॅबचा दिवस ज्यांनी काढलाय त्यांना सांगायला नको. एकदा माल पडायला लागला की पुरा होईस्तोवर थांबायचं नाही, नाहीतर सांधा राहतो आणि पुढं गळतो. त्या दिवशी माणूस माणसाचा राहत नाही. वरून बिल्डर दिराला फोनवर झाडतो, दीर आम्हाला झाडतो, आम्ही एकमेकींना झाडतो. आमच्या स्लॅबला तर वारंही सुटलं होतं आणि सिमेंट डोळ्यांत जात होतं. दीर ओरडत होता, "हाताला मेंदी लावलीय का? चला, पळा." ब्लडप्रेशरची गोळी पाण्याशिवाय गिळताना मी त्याला बघितलं. तेवढ्यापुरती कीवही आली. पण तोंड उघडलं की कीव पळून जायची.

"वैनी, तुमच्या सुनेला म्हनावं, हॉपर रिकामा दिसतोय."

मी वाळूच्या ढिगाशी. तो तिच्या पुढ्यात. तरी सांगायचं मला.

मी तिच्याकडं वळले, तेव्हा ती घमेलं ओतून मागं फिरत होती. चुंबळ घसरली. चुंबळीबरोबर फडकं सरकलं आणि डोक्यावरचा पदर वाऱ्यानं उचलला. गुळगुळीत सिंथेटिक साडी, तिला धरायला काय लागतं? टोक पट्ट्यावर गेलं. पुढचं इतक्या झटक्यात झालं, पण मला ते अजून सावकाश दिसतं. नुसता पदर असता तर ओढला गेला असता, साडी फाटली असती, पोरगी लाजेनं मेली असती आणि जिवानं वाचली असती. नुसता शर्ट असता तर काहीच झालं नसतं. पण पदर कमरेला खोचलेला, वरून शर्ट गळ्यापर्यंत बंद आणि टोक कॉलरीतनं बाहेर. पट्ट्यानं टोक ओढलं, पदरानं कॉलर ओढली आणि कॉलरीनं गळा. आमच्या घरातल्या दोन्ही बाजूंनी समेट केला होता ना, त्याचाच फास झाला.

ती ओरडली नाही. ओरडायला आवाज लागतो. तिचे दोन्ही हात कॉलरीत अडकलेले, पाय मागं सरकत होते. मिक्सरवाल्यानं इंजिन बंद केलं. तो परका माणूस, मशिनबरोबर भाड्यानं आलेला, आमच्या कुणाशी फारसा बोलायचा नाही. सिमेंटची गोणी फाडायचं पातं त्याच्याजवळ असायचं, त्यानं पदर कापला. मी बटणं तोडली. पोरगी खाली बसली आणि तिच्या घशातनं जो आवाज आला तसा मी गाभडणाऱ्या गाईचा ऐकलाय, माणसाचा नाही.

साहेब धावत आले. पहिला शब्द काय, "हिचं हेल्मेट कुठंय?"

मी म्हटलं, "साहेब, पट्ट्यानं गळा धरला. डोकं न्हाई धरलं."

दीर म्हणाला, "पदर नीट घ्यायला नको का? कितींदा सांगितलं." हे मात्र मला म्हणाला नाही. हवेत म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग घड्याळ बघितलं, वर बघितलं आणि म्हणाला, "एकजन हॉपरवर या. माल थांबला तर समद्यांची वाट लागंल." आणि दुसरी एक बाई आली. मला तिचा राग नाही, तिचीही चूल आहे. मिक्सरवाल्यानं कापलेला पदर पट्ट्यातनं काढला, खाली टाकला आणि मशिन चालू केलं. जाळी नाही लावली.

मी रिक्षात घालून तिला दवाखान्यात नेली. डॉक्टर म्हणाले, हाड शाबूत आहे, आतून सूज आहे, बोलायचं नाही, गिळायला जड जाईल. कानापासून कानापर्यंत जांभळा वळ. मुलाला मी निरोप धाडला होता. तो आला दिवस मावळल्यावर, स्लॅब उरकून. म्हणाला, काका म्हणाला, आता उतरू नको, सळई हलली तर अवघड होईल. ती भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. बोलायची बंदी होती म्हणून बरं, असं मला वाटलं.

काही दिवसांनी दीर खोलीवर आला, केळी घेऊन. आजाऱ्याला बघायला आलेल्या माणसाला या म्हणावं लागतं, म्हटलं. सून उठून बसली आणि सवयीनं हात पदराकडं गेला. सुजलेल्या मानेवरनं पदर डोक्यावर घेताना तिचा चेहरा काय झाला ते मी बघितलं. त्यानंही बघितलं. 'राहू दे पोरी' म्हणायला त्याला किती वेळ लागला असता? त्यानं केळी खुंटीला लावली आणि माझ्याकडं वळून म्हणाला, "वैनी, तिला म्हनावं, आता गँगच्या सैपाकाला बसायचं. मशिन बायकांचं काम न्हाई."

"बायकांचंच हाय. तुमच्या गँगवर हॉपरवर एक बाप्या दाखवा मला."

"मग पदर सांभाळावा."

"आन् जाळी कोन सांभाळनार?"

"जाळीनं काय हुतं वैनी, पंधरा वरसं मशिनी चालवतोय. माझ्या कामावर आजवर कुनाला खरचटलं न्हाई."

त्याच्या समोर ती बसली होती आणि तो हे बोलत होता. मी तोंड उघडेन, म्हणून मुलगा मला डोळ्यानं दटावत होता. तेवढ्यात ती बोलली. आवाज खरखरीत, जुन्या रहाटासारखा, पण शब्द न् शब्द कळला. माझ्याकडं बघून नाही. त्याच्याकडं बघून.

"मामंजी, म्या मशिनवरच येनार, आन् शर्ट घालूनच येनार. तुमच्यासमूर चालत नसंल तर तुमच्यासमूर येनार न्हाई."

लग्न झाल्यापासून तिचा पहिला शब्द त्याच्या कानात थेट गेला होता. तो मात्र अजूनही माझ्याकडंच बघत होता, जसा काही तो शब्द मीच उच्चारला.

"वैनी, तुमच्या सुनेला तोंड फुटलं."

"गळा दाबल्यावर फुटलं," मी म्हटलं.

तो उठला. चपलेत पाय घालताना मुलाला म्हणाला, "तुझं काय ते तू ठरीव," आणि गेला. मुलानं दार लोटून घेतलं. मग आमच्या दोघींवर उखडला. काकाला दारातनं घालवला, गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाही, बायको वर मान करून बोलते आणि आई तिला चढवते. मी म्हटलं, तू कुणाच्या बाजूचा? तो म्हणाला, मी कुणाच्याच बाजूचा नाही. घराच्या माणसाचा गळा आवळला तरी जो कुणाच्याच बाजूचा नसतो, तो कुणाच्या बाजूचा असतो हे मला शाळा न शिकताही कळतं.

आम्ही दोघींनी दुसरी गँग बघितली. सगळी परकी माणसं, कुणी कुठलं, कुणी कुठलं. त्यांचा मुकादम दिरापेक्षा घाणेरडा बोलतो. माणसाला नावानं हाक मारत नाही. मला 'म्हातारे', हिला 'ए चौकडे'. पहिल्याच दिवशी ही मिक्सरपाशी गेली, पट्टा बघितला आणि जाळी लागल्याशिवाय घमेलं उचलणार नाही म्हणून बसली. त्यानं आमच्या दोघींच्या खानदानाचा उद्धार केला, मिक्सरवाल्याचा केला, जाळी करणाऱ्या कारखान्याचाही केला, आणि शेवटी स्वतः तारेनं जाळी बांधली. पण तो तिचा कुणी लागत नाही. तिचं डोकं झाकलंय का उघडं, हे त्याच्या लक्षातसुद्धा आलं नसेल. तिनं शर्टाची तुटलेली बटणं पुन्हा शिवलीत आणि कॉलर उसवून टाकलीय. मान मोकळी, पदर आत, बटणं बंद.

मुलगा काकाकडंच राहिला. खोली एक, चूल एक, सकाळी मात्र चौकातनं त्याचा टेम्पो वेगळा आणि आमचा वेगळा. गावाकडच्या लग्नाची पत्रिका आम्हाला आली नाही, त्याला आली. तो गेला.

परवा चौकात उभ्या होतो. पलीकडं दीर, त्याची माणसं, त्यांच्यात आमचा मुलगा. दिरानं इकडं बघितलं आणि शेजारच्याला ऐकू जाईल असं, म्हणजे आम्हाला ऐकू जाईल असं म्हणाला, "काय जमाना आलाय, सासरा समूर उबा हाय आन् सून शर्टात."

मी सुनेकडं बघितलं. तिचा हात वर गेला. मला वाटलं, सवय आहे, पदर शोधतेय. तिनं वरचं बटण लागलंय का ते चाचपलं आणि हात खाली घेतला. आवाज तिचा अजून पुरता आला नाही, येईल की नाही डॉक्टरांनाही सांगता येत नाही, पण तिला बोलायची गरज वाटली नाही. दिरानं तोंड फिरवलं. मुलानं फिरवलं नाही, पण इकडं आलाही नाही. आमचा टेम्पो आला, आम्ही चढलो.